दोन बादल्या पाणी

फीत कालवडीच्या छातीभोवती ओढून डॉक्टरणीने आकडा वाचला, फीत सैल केली, पुन्हा ओढली आणि पुन्हा तोच आकडा वाचला. एकशे अठरा सेंटीमीटर. महिन्यापूर्वीही एकशे अठराच होता. सात महिन्यांच्या कालवडीने एवढ्या दिवसांत चार बोटे तरी भरायला हवे होते. ही मात्र होती तिथेच होती आणि वर डॉक्टरणीच्या खिशातला रुमाल चघळत होती.

"फीत ओली झालीय," मागून वडील म्हणाले. "ओली फीत आखडते."

"प्लॅस्टिकची आहे, बाबा."

"प्लॅस्टिकही आखडतं."

"आखडली असती तर आकडा वाढला असता."

वडिलांनी यावर थोडा विचार केला. "मग ताणली गेली असेल," ते म्हणाले.

डॉक्टरणीने रुमाल ओढून घेतला आणि फीत गुंडाळली. तिच्या दवाखान्यात माणसे गाईचे दावे हातात धरून तास तास उभी राहत आणि ती सांगेल ते औषध निमूटपणे घेऊन जात. इथे, स्वतःच्या माहेरच्या गोठ्यात, ती सहा आठवड्यांत तिसऱ्यांदा आली होती आणि तिसऱ्यांदा तिला फीत कशी धरावी हे शिकवले जात होते. पिकते तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही.

मामला साधा होता, आणि साधा असूनही सुटत नव्हता म्हणून जास्त चीड आणणारा होता. बावीस दुभत्या गाई. सहा आठवड्यांपूर्वी दिवसाला तीनशे लिटर दूध निघत होते, आता सव्वादोनशे निघताना मारामार. कालवडींची वाढ खुंटलेली. आजार म्हणावा तर एकही गाय आजारी नाही. आणि आज चार वाजता व्यापारी येणार होता. ज्यांचे दूध सगळ्यात जास्त घसरले त्या तीन गाई वडील विकून टाकणार होते. मास्तरीण, लाजरी आणि जिला अजून नाव मिळाले नव्हते ती. गाईंना नावे आई ठेवत असे, पण अलीकडे तिने ते काम सोडून दिले होते.

"त्या तिघी तुमच्या गोठ्यातल्या सगळ्यात चांगल्या गाई आहेत," डॉक्टरीण म्हणाली.

"होत्या."

"एका गाईचं दूध घसरलं तर दोष गाईचा. सगळ्यांचंच घसरलं तर दोष गोठ्याचा. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही."

"मग झालेल्या डॉक्टरनं तो दोष सांगावा," वडील म्हणाले. "सहा आठवडे झाले."

तिने गुंडाळलेली फीत पिशवीत टाकली.

उत्तर सोडून बाकी सगळ्यांकडे सगळे काही होते. वडिलांच्या मते दोष नव्या पेंडीचा. दादाच्या मते दोष दूध काढायच्या यंत्राचा, कारण यंत्र वडिलांनी निवडले होते. वहिनीच्या मते रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या भोंग्यांनी गाई दचकतात आणि पान्हा चोरतात. दूध न्यायला येणारा टँकरवालाही जाता जाता उन्हाला बोल लावून गेला होता. डॉक्टरणीने एकेक तपासले. पेंड प्रयोगशाळेत पाठवली. यंत्राचा दाब मोजला. बावीस गाईंचे अठ्ठ्याऐंशी सड पिळून कासेचा रोग शोधला. शेण तपासले, रक्त तपासले, जंताचे औषध पाजले. साप साप म्हणून इतकी भुई धोपटली, पण साप काही निघाला नाही.

त्यातून वडिलांनी स्वतःचा एक शोध लावला होता. गोठ्याच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक छोटा कप्पा होता. तिथे पुढारीण नावाची गाय राही. ती बाकीच्या गाईंना शिंगे लावायची म्हणून तिला सगळ्यांपासून वेगळी ठेवली होती, सोबत तिची आठ महिन्यांची कालवड. या दोघींचे मात्र सगळे ठीक चालले होते. पुढारीण पहिल्याइतके दूध देत होती आणि कालवड तर नजर लागावी अशी वाढत होती.

"पावडर," वडील म्हणाले. महिन्यापूर्वी त्यांनी कुठूनशी शक्तिवर्धक पावडरीची पिशवी आणली होती आणि करून बघावी म्हणून या दोघींनाच घातली होती. "तू नको म्हणालीस. आता बघ."

"त्या पावडरीत पिठाशिवाय काही नाही. मी पिशवीवर वाचलंय."

"मग पीठ म्हण. गुण आला ना?"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असे ती म्हणणार होती. पण कावळा दिसत होता, मोडलेली फांदीही दिसत होती, आणि मधले काहीच तिच्या हाती नव्हते.

दुपारी जेवणे उरकल्यावर वडील आणि दादा आडवे झाले. डॉक्टरीण पुन्हा गोठ्यात आली आणि पेंडीच्या पोत्यावर बसून आपल्या वहीतली पाने उलटू लागली. खुराक, वैरण, हवा, उजेड, खूर, कास, माज. प्रत्येकापुढे तिच्याच हाताने केलेली बरोबरची खूण. पाणी, त्यापुढे तिने लिहिले होते, "नवा स्टीलचा हौद, स्वच्छ, भरपूर." हौद खरेच झकास होता. गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीला धरून गेलेला, पंप बसवलेला, पाणी खेळते राहणारा. जुना सिमेंटचा हौद फोडून दादाने तो स्वतः बसवला होता.

स्वयंपाकघराचे मागचे दार उघडले. आई बाहेर आली. दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या, पाय अनवाणी, आणि गुडघ्यांमुळे प्रत्येक पावलाला एक छोटा झोला. तिने एक बादली पुढारणीपुढे ठेवली, दुसरी कालवडीपुढे. पुढारणीने नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवले आणि एका दमात बादली रिकामी केली. पाणी घशाखाली उतरताना तिच्या मानेवर ओळीने गाठी सरकत गेल्या.

डॉक्टरीण वही मिटून उभी राहिली. एवढी तहान? तिच्या कप्प्यातच, चार हातांवर, हौद काठोकाठ भरलेला होता.

"हे काय करतेस?"

आई दचकली नाही. फक्त तिने एकदा घराकडे पाहिले. "पाणी पाजतेय."

"हौद भरलाय की."

"भरलेला असतोच. त्या पितात कुठे त्यातलं?"

"कोण म्हणतं?"

"कोण कशाला म्हणायला हवं? बघ ना."

डॉक्टरणीने पाहिले. मास्तरीण हौदाशी उभी होती. तिने मान खाली घातली, जिभेच्या टोकाने पाणी चाटले, मान झटकली. पुन्हा चाटले, पुन्हा झटकली. मग मागे सरून ती नुसतीच पाण्याकडे बघत राहिली. हे डॉक्टरणीने आज सकाळपासून दहा वेळा पाहिले होते. गाय चाटत पीत नाही, तोंड बुडवून ओढते, हे तिने परीक्षेत लिहिलेले होते. लिटरभर दुधामागे गाईला चार लिटर पाणी लागते हेही लिहिलेले होते. जिचे दूध जास्त, तिची तहान जास्त, म्हणून पाणी तुटले की सगळ्यात चांगल्या गाई सगळ्यात आधी घसरतात. तिला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

"का नाही पीत त्या?"

"हौद चावतो," आई म्हणाली. "सांगितलं होतं मी."

सांगितले होते, खरेच. आता एकेक आठवायला लागले. सहा आठवड्यांपूर्वी, हौद बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी, आई जेवताना म्हणाली होती की पाण्यात हात घातला की बोटांना मुंग्या येतात. दादा ताबडतोब टेस्टर घेऊन गेला. टेस्टरचा दिवा लागला नाही. वडील म्हणाले, हौदाला दात फुटले वाटतं. सगळे हसले. ही हकिगत दादाने फोनवर सांगितली तेव्हा डॉक्टरीणही हसली होती. मग आठवड्याने आईने स्वतः फोन केला आणि पुन्हा तेच सांगितले. डॉक्टरणीने ते वयावर ढकलले, नसा कमकुवत होतात म्हणाली, आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली पाठवून दिली.

"त्या गोळ्या..." तिने विचारले.

"संपल्या. तू पाठवलेल्या, म्हणून घेतल्या."

"फरक पडला?"

"हौदाला? नाही."

डॉक्टरणीने बाही वर करून हात हौदात कोपरापर्यंत घातला. काही नाही. थंडगार, साधे पाणी. तिने आईकडे पाहिले आणि तिच्या मनात, एवढे सगळे समोर असूनही, क्षणभर जुनाच विचार येऊन गेला. नसा असतील. वय झाले.

"बूट काढ," आई म्हणाली.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरणीनेच या गोठ्याला ती शिस्त लावली होती. बाहेरची घाण आत नको, रोगराई नको, बुटाशिवाय कोणी गोठ्यात पाऊल टाकायचे नाही. सगळ्यांनी कुरकुर करत मानले. फक्त आईच्या सुजलेल्या पायांत कुठलाच बूट जाईना, म्हणून आईला सूट मिळाली होती.

तिने बूट काढले, मोजे काढले आणि ओल्या फरशीवर उभी राहून पुन्हा पाण्याला हात लावला. बोटांपासून मनगटापर्यंत मुंग्या भरभर चढल्या. फार नाही, हात मागे घ्यावासा वाटेल इतपत. माणसाला इतपत. चार उघडे खूर ओल्या फरशीवर ठेवून ओल्या नाकाने पाण्याला शिवणाऱ्या जनावराला किती, ते सहा आठवडे बावीस गाई सांगत होत्या.

"दादा!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने ती लहानपणानंतर या घरात कधी ओरडली नव्हती.

दादा डोळे चोळत आला, मागून वडील. दादाने आधी टेस्टर काढला. त्याचा स्वभावच तो. टेस्टर हौदाला टेकवला, दिवा लागला नाही.

"बघ," तो म्हणाला. "तेव्हाही दाखवलं होतं. आई पण ना..."

"एवढ्याशा करंटला टेस्टर लागत नाही. मीटर आण. आणि बूट काढ."

"तूच घालायला लावलेस."

"मीच काढायला लावतेय. काढ!"

दादाने बूट काढले, हौदात हात घातला आणि "आई गं!" म्हणून उडी मारली. आई तिथेच रिकामी बादली घेऊन उभी होती.

मीटरने सहा व्होल्ट दाखवले. बाकीचे पाच मिनिटांत उलगडले. पंपाच्या वायरला तारा तीन होत्या आणि भिंतीतल्या जुन्या सॉकेटला भोके दोन. दादाने तिसरी, अर्थिंगची तार कापून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती, तीही अगदी नीट, हौसेने. पंप चालतोय की, मग तिसरी हवी कशाला? पंपातून थोडी थोडी गळणारी वीज जमिनीत जायच्या ऐवजी हौदात उतरत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसा घालताना चौघांच्याही पायांत रबरी बूट.

दादाने प्लग ओढून काढला. सगळे हौदाकडे तोंड करून उभे राहिले. एकही गाय पुढे येईना.

"आता काय झालं?" वडील म्हणाले.

"त्यांना कसं कळणार की प्लग काढलाय?" डॉक्टरीण म्हणाली. "सहा आठवडे चटका खाल्लाय. विश्वास बसायला वेळ लागेल."

आईने बादली खाली ठेवली. ती हौदाशी गेली, हात पाण्यात बुडवून सावकाश हलवला आणि जिभेने टॉक टॉक असा आवाज काढला. मास्तरीण आली. तिने आईचा ओला हात चाटला, मग पाणी चाटले, मान झटकायला म्हणून वर घेतली आणि तशीच थांबली. मग तिने तोंड बुडवले. ती प्यायली, प्यायली, मध्ये श्वास घ्यायला थांबली आणि पुन्हा प्यायली. तिच्या मागून लाजरी आली, मग ढकलाढकली सुरू झाली. थोड्या वेळाने हौदाचा तळ दिसायला लागला आणि दादा नळाची नळी आणायला धावला.

चार वाजता व्यापारी आला तेव्हा वडील अंगणातच उभे होते.

"गाई द्यायच्या नाहीत," ते म्हणाले. "दोष सापडला. पाण्यात करंट होता. मला पहिल्यापासून पाण्याचाच संशय होता. शेवटी आमच्या डॉक्टरणीनं शोधून काढलं. घरात डॉक्टर असला की असा फायदा होतो."

डॉक्टरीण तिथेच हात पुसत उभी होती. पाण्याचाच संशय! तिला संतापाने हसू आले.

"मी नाही शोधलं. आईनं सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात."

"हो, ती काहीतरी म्हणत होती खरी," वडील म्हणाले आणि व्यापाऱ्याला बुटांची गोष्ट सांगू लागले. गोष्ट चांगलीच रंगली. तिच्यात दादा होता, टेस्टर होता, चिकटपट्टी होती, आणि शेवटी पुढारणीच्या कालवडीला पावडरीनेही थोडा हातभार लावलाच असणार, असे होते. व्यापारी मनापासून हसला आणि मोकळा ट्रक घेऊन निघून गेला.

स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी राहून बादल्या पालथ्या घालत होती. तिचे पाय अजून ओले होते. डॉक्टरीण दारातच थांबली. तिला फार वाईट वाटत होते, आणि वाईट वाटले की तिला नेहमी आधी रागच येई.

"रोज नेत होतीस?"

"दिवसातून चारदा. हे लोक इकडेतिकडे असले की."

"त्या दोघींनाच का?"

"दाराजवळ त्याच आहेत. दोन बादल्यांपुढे गुडघे नाही म्हणतात." आईने फडक्याने ओटा पुसला. "बाकीच्या बघायच्या माझ्याकडे. मग मी आत यायची."

"अगं, मग पुन्हा का नाही सांगितलंस? मी तीनदा येऊन गेले. या गोठ्यात बसून डोकं फोडून घेत होते मी. एकदा हाताला धरून हौदाशी न्यायचंस की!"

"दोनदा सांगितलं," आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण फडके तिने जरा जोरात पिळले. "एकदा सगळे हसलात. एकदा गोळ्या आल्या. तिसऱ्यांदा काय आलं असतं, कोण जाणे. तुम्हाला गाईचं बरोबर ऐकू येतं. तिनं दूध कमी केलं की घरदार धावत येतं, रक्त तपासतं, शेण तपासतं. मी काय कमी करू?"

बाहेर दादा नव्या सॉकेटसाठी भिंत फोडत होता आणि वडील त्याला हातोडी कशी धरावी ते सांगत होते.

डॉक्टरणीने एक खुर्ची ओढली आणि आईच्या जवळ नेऊन ठेवली. स्वतःसाठी दुसरी घेतली.

"आणखी काय काय सांगायचं सोडून दिलंयस?" तिने विचारले.

आईने घड्याळाकडे पाहिले. "तुझी साडेपाचची गाडी आहे ना?"

"पुढची घेईन."

"पुढची साडेसातची."

"साडेसातची घेईन."

आईने फडके वाळत घातले. अंगणातला आवाज तिने नीट कान देऊन ऐकला, आणि मग एका हाताने गुडघा धरून ती हळूच खुर्चीत टेकली.

"मग दार लोटून घे," ती म्हणाली.